स्टेशनाच्या गांवचें हायस्कूल
(महोत्सवानिमित्त झालेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवसमितीनें मला बोलावयास सांगितलें, तेव्हां मीं आपल्या देवळाचा इतिहास सांगावा अशी तिची अपेक्षा असावी. परंतु तो सांगणारे माझ्याहून अधिक अधिकारी गृहस्थ येथेंच बसलेले आहेत, आणि त्यांचे लेख या स्मरणपुस्तिकेंत आपणांस वाचावयास मिळतीलच. मीं निवडलेला विषय देवळाबाहेरचा आहे. आपल्या या भागांतील बहुतेक कॅथलिक कुटुंबांचीं नांवें दोन ठिकाणच्या पुस्तकांत आढळतात. एक देवळांतलें बाप्तिस्म्याचें पुस्तक, आणि दुसरें गांवच्या हायस्कुलाचें दाखल-खारीज पुस्तक. पहिल्या पुस्तकाचा महोत्सव आज आपण करीत आहों. दुसऱ्याविषयीं कोणी बोलत नाहीं, म्हणून तें काम मीं आपणाकडे घेतलें. मीं तीस वर्षें वऱ्हाडांतल्या एका अनुदानित हायस्कुलांत मराठी आणि इतिहास हे विषय शिकविले. तेव्हां माझें बोलणें थोडें मास्तरी वळणाचें होईल, तें आपण गोड करून घ्यावें.

प्रथम गांवाविषयीं. धामणगांव हें नांव अमरावती जिल्ह्यांत एकाच गांवाचें नाहीं. अचलपुराकडे धामणगांव गढी आहे, म्हणून हें धामणगांव रेल्वे. शेजारच्या चांदुराचीही तीच गोष्ट. एक चांदूर बाजार, दुसरें चांदूर रेल्वे. गढी, बाजार आणि रेल्वे या तीन शब्दांत वऱ्हाडचा तीन काळांचा इतिहास आला, असें मी वर्गांत मुलांना सांगत असें. ज्या गांवानें स्वतःच्या नांवापुढें आगगाडी लावून घेतली, त्या गांवाचें दैव आगगाडीनेंच घडविलें हें उघड आहे. जी. आय. पी. रेल्वेचा फांटा भुसावळाहून बडनेऱ्यावरून नागपुरास १८६७ सालीं पोंचला. त्याच्या अगोदर, १८६१ पासून १८६५ पर्यंत, अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधीं नव्हे तो भाव आला. यवतमाळास तेव्हां रेल्वे नव्हती. तिकडचा माल सुमारें तीस मैलांची वाट बंडीनें तुडवीत धामणगांवच्या स्टेशनावर येई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत मूर्तिजापुराहून यवतमाळास अरुंद रुळांची गाडी, जिला पुढें लोक शकुंतला म्हणूं लागले, ती सुरू झाली. तोंपर्यंत यवतमाळच्या माणसाला मुंबई पाहावयाची तर धामणगांवास उतरण्याचढण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

अशा रीतीनें जुनें धामणगांव राहिलें बाजूला, आणि स्टेशन, जिन, प्रेस, अडत्यांच्या पेढ्या व हमालांच्या झोंपड्या यांची एक नवी वस्ती दत्तापुराला लागून उभी राहिली. नगरपालिकेच्या नांवांत दत्तापूर-धामणगांव अशी जोडी अजून टिकून आहे. म्हणजे ज्याला आपण आज गांव म्हणतों, तें एका खेड्याचें उपनगरच होय. फक्त उपनगरानें मूळ खेड्याला झांकून टाकलें. अशा वस्तींत पाटीलकी नसते, जुनीं मानाचीं घराणीं नसतात, आणि ग्रामदैवताचा मानही पिढ्यान्‌पिढ्यांचा नसतो. मारवाडी, गुजराती, कच्छी, खेड्यांतून आलेले कुणबी, तेली, महार, मुसलमान, आणि रेल्वेच्या नोकरीमुळें आलेले कांहीं ख्रिस्ती, असे सगळेच थोडेबहुत उपरे. कोणाच्याच बापाची जमीन नाहीं अशा जागीं सर्वांची म्हणून कांहीं वस्तु उभी करणें त्या मानानें सोपें जातें. ती वस्तु म्हणजे हायस्कूल.

तत्पूर्वीं शिक्षणाची स्थिति काय होती? निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे १८५३ सालीं आलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारी हायस्कूल म्हणजे अमरावती आणि अकोला हीं दोनच. मॅट्रिक म्हणजे मुंबई विद्यापीठाची परीक्षा. खेड्यांतल्या मुलाची धांव मराठी चौथीपर्यंत. फार झालें तर एखाद्या कसब्याच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेंत इंग्रजीचे कांहीं वर्ग. त्यापुढें ज्याला शिकावयाचें असेल त्यानें गांव सोडावें, नातलगाच्या ओसरीवर झोंपावें, आणि सात घरीं सात वार लावून जेवावें. डॉ. पंजाबराव देशमुख हे पापळचे, जन्म १८९८. शेतकऱ्याच्या या मुलाला शाळेसाठीं पापळ सोडून चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती अशी फरपट करावी लागली. त्यांनीं १९३२ सालीं शिवाजी शिक्षण संस्था काढली ती कांहीं पुस्तकांतून सुचलेली कल्पना नव्हती. ती पायांत रुतलेल्या कांट्यांची आठवण होती. ते इंग्लंडास जाऊन मोठे विद्वान झाले. पण ज्यांना चांदुराच्या पुढें जातां आलें नाहीं असे त्यांच्याच वयाचे किती असतील त्यांची गणना कोण करणार?

सरकारचें धोरण या बाबतींत दुटप्पी होतें म्हणावें कीं शहाणपणाचें म्हणावें, याविषयीं मतभेद होऊं शकेल. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यानें खाजगी शाळांना अनुदान देण्याची पद्धति घातली, आणि १८८२ सालच्या हंटर कमिशननें सांगितलें कीं माध्यमिक शिक्षणाचा भार शक्य तितका लोकांनींच उचलावा. म्हणजे सरकारनें थोडा हात लावावयाचा, आणि ओझें लोकांनीं घ्यावयाचें. वऱ्हाडांत हें ओझें घेण्यास पैसा कोणाजवळ होता? सावकाराजवळ, अडत्याजवळ आणि जिनवाल्याजवळ. म्हणून आपल्याकडच्या जुन्या शाळांचीं नांवें पाहावीं तर तीं सेठांचीं आणि त्यांच्या वाडवडिलांचीं.

धामणगांवांत हायस्कूल म्हटलें कीं लोक ‘सेफला’ असें म्हणतात. परक्या माणसाला वाटतें कीं हा कोणत्या तरी फारशी शब्दाचा अपभ्रंश असावा. वस्तुतः तीं नुसतीं आद्याक्षरें होत : सेठ फत्तेलाल लाभचंद. धामणगांव एज्युकेशन सोसायटीच्या या शाळेचें पूर्ण नांव पाटीवर राहतें, आणि बाजारांत, स्टेशनांत, लग्नाच्या बोलणींत ‘मुलगा सेफलाचा’ एवढेंच सांगून काम भागतें. सर्वांच्या तोंडीं घांसून घांसून एका धनिकाचें नांव असें गुळगुळीत झालें, कीं त्यांत धनिकहि उरला नाहीं आणि नांवहि उरलें नाहीं, केवळ शाळा उरली. देणगीदाराच्या कीर्तीच्या दृष्टीनें ही हानि असेल. माझ्या मतें कोणत्याहि देणगीला याहून मोठें यश येत नाहीं.

आतां येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शाळेच्या दगडावर नांव एकाचें असतें; परंतु त्या दगडाखालीं जो पैसा असतो तो कोणाचा? वऱ्हाडांत कापसाच्या व धान्याच्या बाजारासाठीं १८९७ सालीं कायदा झाला, आणि भारतांत इतरत्र अशा कायद्याची वार्ताहि नव्हती. तथापि कायद्याच्या बाजूला रूढीचा एक कायदा चालूच होता. शेतकऱ्याची बंडी बाजारांत आली, हर्रास झाला, माप झालें, म्हणजे पट्टींतून अडत, दलाली, हमाली आणि तोलाई कापली जाई. आणि त्याखालीं आणखी एक ओळ असे, ‘धर्मादाय’. बोज्यामागें कांहीं आणे. हा पैसा गोरक्षणाला जाई, धर्मशाळेला जाई, आणि पुष्कळ गांवीं शाळेलाहि जाई. शेतकऱ्याला कोणी विचारीत नसे. हर्रास झाल्यावर तो रिकाम्या बंडींत बसून घरीं जाई, आणि आपण एका शाळेच्या भिंतींत आज दोन विटा बसविल्या हें त्याच्या गांवींहि नसे. पुढें बाजारसमित्यांच्या कायद्यांनीं अशी कापणी बंद केली, आणि तें योग्यच झालें. कारण न विचारतां घेतलेल्या पैशाला धर्म म्हणणें ही धर्माची थट्टा होय. परंतु जो पैसा घेतला गेला तो घेतला गेला. तेव्हां या प्रांतांतल्या कोणत्याहि बाजारगांवच्या जुन्या शाळेंत शेतकऱ्याचें, मग तो कुणबी असो कीं मुसलमान असो, पोर शिकावयास आलें, तर तें कोणाच्या उपकारानें येत नाहीं. त्याच्या आजोबानें फी अगोदरच भरलेली असते.

‘पब्लिक स्कूल’ हा शब्द या संदर्भांत मोठा मौजेचा आहे. इंग्लंडांत पब्लिक स्कूल म्हणजे ईटन, हॅरो, जेथें सामान्य माणसाचा पोरगा पायरीसुद्धां चढूं शकत नाहीं. ईटनची शाळा सहाव्या हेन्री राजानें १४४० सालीं काढली ती सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठीं! सार्वजनिक म्हणून काढलेली वस्तु सावधगिरी ठेवली नाहीं तर कशी हळूहळू मोठ्या लोकांची होऊन बसते याचा हा दाखला समजावा. अमेरिकेंत तोच शब्द कराच्या पैशावर चालणाऱ्या, सर्वांस खुल्या शाळेला लावतात. आपलीं हायस्कुलें या दोहोंच्या मधलीं : संस्था खाजगी, पगार सरकारी, आणि मुलें सगळ्या गांवाचीं.

या शाळांचें जुनें जीवन कसें होतें याचें थोडें वर्णन करतों. मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९२२ सालीं हायस्कूल शिक्षणाचें बोर्ड करण्याचा कायदा झाला, १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याच वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. त्यामुळें मॅट्रिक झालेल्या वऱ्हाडी मुलाला पुण्या-मुंबईची वाट धरण्याची गरज उरली नाहीं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत आपल्याकडे वरच्या वर्गांतूनहि मराठीनें शिकविण्याची प्रथा रुळत गेली. भूमिति आणि भूगोल मराठींत समजल्यामुळें किती पोरें तरलीं असतील! अकरावीला मॅट्रिक, ही व्यवस्था १९७५ सालीं दहावीची पहिली परीक्षा होईपर्यंत चालली, आणि म्हणूनच आपल्यापैकीं वडील मंडळी ‘मी अकरावी’ असें अजून अभिमानानें सांगतात.

फी माफ करण्याला त्या वेळीं ‘नादारी’ म्हणत. पूर्ण नादारी, अर्धी नादारी. शब्द कठोर आहे. नादार म्हणजे ज्याच्याजवळ कांहीं नाहीं तो. नादारीचा अर्ज घेऊन बाप हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभा राही, आणि आंत त्याचें शेत किती, बैल किती, कर्ज किती याची विचारपूस होई. ती परीक्षा मुलाच्या परीक्षेपेक्षां अवघड असे. पुढें सरकारी फीमाफी आली, मुलींचें शिक्षण मोफत झालें, आणि तो शब्द शाळेंतून गेला. मला त्याची खंत नाहीं. परंतु कोणत्या घरांत चूल पेटत नाहीं हें जुन्या हेडमास्तरांना त्या अर्जांमुळें ठाऊक असे. आतां तें आम्हांस छापील फॉर्मावरून समजत नाहीं, एवढें नमूद करतों.

रीतीभाती कितीतरी सांगतां येतील. आपल्याकडील पुष्कळ शाळांची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. रेल्वेच्या गांवाला याहून शोभणारी घंटा कोणती? उन्हाळा कडक, म्हणून मार्चपासून सकाळची शाळा, आणि उन्हाळ्याच्या सुटीनंतर इतर महाराष्ट्रांत शाळा जूनच्या मध्यावर उघडतात तेव्हां विदर्भांतल्या शाळा आणखी आठपंधरा दिवस बंदच. लेझीम आणि कवायत यांना वऱ्हाडच्या शाळांत जो मान आहे तो अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळें. १९१४ सालीं निघालेल्या या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. त्यानंतर आमच्याकडे लेझीम न खेळणारी शाळा ही शाळाच नव्हे असें मानलें जाऊं लागलें. आणि पासवालीं मुलें! आजूबाजूच्या लहान स्टेशनांवरून पॅसेंजरनें येणाऱ्या मुलांची एक निराळी जात असे. गाडी उशिरा आली तर त्यांना उशिराची शिक्षा नाहीं, हा अलिखित नियम होता, आणि त्याचा जितका गैरफायदा घेतां येईल तितका तीं घेत. मार्च १९२० नव्हे, २०२० मध्यें, महामारीमुळें साऱ्या गाड्या थांबल्या, आणि पुढल्या वर्षीं एस. टी. च्या संपानें मोटारीहि कित्येक महिने थांबल्या, तेव्हां हीं बाहेरगांवचीं मुलें सर्वांत आधीं तुटलीं. त्यांतल्या मुली अधिक तुटल्या. मोफत पास हातांत असून मोटारच नसेल तर मुलीला घरीं बसविण्यास बापाला एवढें निमित्त पुरतें.

या सर्वांत आपण कॅथलिक लोक कोठें होतों?

अमेरिकेंतील कॅथलिक धर्माध्यक्षांनीं १८८४ सालीं बाल्टिमोरच्या परिषदेंत ठराव केला, कीं प्रत्येक देवळाजवळ दोन वर्षांच्या आंत शाळा निघालीच पाहिजे. तेथील सार्वजनिक शाळांत आपल्या मुलांचा धर्म टिकणार नाहीं अशी त्यांस धास्ती होती. तेथें लोकसंख्या होती, पैसा होता, तें त्यांनीं बव्हंशीं करून दाखविलें. आपल्याकडे नागपुरास सेंट फ्रान्सिस डि सेल्स शाळा १८७० सालीं निघाली. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं झाला, आणि अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत व्हावयास १९५५ साल उजाडलें. मोठ्या शहरांतून कॉन्व्हेंट झालीं. परंतु लहान स्टेशनांच्या गांवीं आपलीं घरें ती किती? एखाद्या वर्गांत आपला एक मुलगा, फार तर दोन. त्यांच्यासाठीं वेगळें हायस्कूल कोण काढणार? तीं मुलें गांवच्या शाळेंत गेलीं, आणि मी सांगतों, तीं तेथें परकीं ठरलीं नाहींत.

एक उदाहरण देतों. आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत होई. एके वर्षीं नाटकाची रात्र नेमकी चोवीस तारखेस आली. नाटकांत एक महत्त्वाचें काम गँगमनच्या मुलाकडे होतें, आणि तो आपल्यापैकीं. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठीं त्याला घरच्या मंडळींबरोबर गाडीनें जावयाचें होतें. पोरगा बोलेना, नुसता तालमीला येऊन खालीं मान घालून बसे. कोणी तरी हेडमास्तरांच्या कानीं घातलें. त्यांनीं मला विचारलें, ‘तुमच्या लोकांचा सण कितीला सुरू होतो हो?’ आणि दुसऱ्या दिवशीं फळ्यावर सूचना लागली, कीं नाटक रात्रीं नऊ ऐवजीं दुपारीं दोन वाजतां होईल. कारण दिलें नव्हतें. गांवांतल्या व्यापाऱ्यांनीं कुरकुर केली, कारण दुपारीं दुकान सोडून त्यांना येतां येईना. हेडमास्तर गंध लावणारे, सोंवळ्याचे गृहस्थ होते. सहिष्णुतेवर त्यांनीं कधीं व्याख्यान दिल्याचें मला स्मरत नाहीं.

व्हॅटिकन महासभेनें १९६५ सालीं शिक्षणावर जें घोषणापत्र काढलें, त्यांत कॅथलिक शाळांबरोबरच इतर शाळांतून शिकणाऱ्या आपल्या मुलांचाही आस्थेनें विचार केला आहे. आम्हीं वऱ्हाडांतल्या लोकांनीं तें वाचण्यापूर्वींच आचरणांत आणलें होतें, पण तें तत्त्वासाठीं नव्हे, दुसरा उपायच नव्हता म्हणून. आतां उपाय आहे, आणि तेथेंच खरी अडचण सुरू होते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ह्या हायस्कुलांची काय दशा झाली आहे ती आपण पाहतांच. प्रथम देणगीदार गेला. महाराष्ट्र सरकारनें १९७२ सालीं कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. त्यानें शेतकऱ्याचें कांहीं काळ भलें झालें, परंतु कापसाच्या पेढीवर उभा असलेला स्थानिक सेठ आणि त्याचा शाळेंतला रस, दोन्ही ओसरलीं. शिक्षकांचा पगार सरकारकडून येत होता, तेव्हां त्याची उणीव पुष्कळ दिवस जाणवली नाहीं. मग २००१ सालीं नव्या शाळांस ‘कायम विनाअनुदान’ हें धोरण आलें. तो ‘कायम’ शब्द २००९ सालीं काढून टाकला, तरी मधल्या काळांत फी घेणाऱ्या शाळांचें पीक सर्वत्र आलें होतें. २०१२ पासून कांहीं वर्षें खाजगी शाळांतील शिक्षकभरती बंद राहिली. आणि संचमान्यता! ज्यांना हा शब्द ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों : वर्गांत मुलें किती यावरून शिक्षक किती तें ठरतें. मुलें घटलीं कीं एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे जातो. बहुधा तो गणिताचा असतो किंवा विज्ञानाचा. गणिताचा शिक्षक गेला म्हणून आणखी दहा मुलें जातात, आणि पुढल्या वर्षीं आणखी एक शिक्षक. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे शाळेची इमारत कितीहि मजबूत असो, तिचा उपयोग नाहीं.

मुलें कोठें जातात? इंग्रजी माध्यमाच्या शाळांत. त्यांतल्या कांहीं आपल्या संस्थांच्या आहेत, आणि त्या उत्तम आहेत. मी त्यांचा निंदक नव्हे. माझ्या स्वतःच्या नाती तेथें शिकतात. परंतु आपण शिस्तीचीं, फी वेळेवर भरणारीं, मुलांची वही तपासणारीं कुटुंबें गांवच्या शाळेंतून काढून घेतों, तेव्हां मागें राहतो तो हमालाचा मुलगा, शेतमजुराची मुलगी, आणि आपल्याच धर्मग्रामांतला तो गरीब, ज्याला कॉन्व्हेंटची फी परवडत नाहीं. पालकसभेंत त्याच्या बापाच्या शेजारचीं खुर्ची रिकामी होते. शाळेंत पाणी नाहीं, विज्ञानाला शिक्षक नाहीं, असें उभें राहून बोलणारा माणूस तेथें उरत नाहीं. आपण गेलों याचा शाळेला तोटा एका मुलाचा नसतो. एका बोलणाऱ्या बापाचा असतो.

महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामानेंही नवी इंग्रजी शाळा काढावी अशी सूचना पुढें आली आहे, असें ऐकतों. तिच्यावर विचार व्हावा. पण विचार करतांना माझें म्हणणेंहि ध्यानांत घ्यावें. तीन वर्ग बांधण्यास जो पैसा लागेल त्याच्या दशांशांत गांवच्या हायस्कुलांत शिकणाऱ्या सर्व मुलांसाठीं, आपल्या आणि परक्या, संध्याकाळचा अभ्यासवर्ग आपल्या सभागृहांत चालूं शकेल. गणित आणि इंग्रजी शिकवूं शकणारे निवृत्त लोक आपल्यांत आहेत; मी त्यांतला एक. दुसरें, ज्यांचीं मुलें अजून त्या शाळेंत आहेत त्यांनीं शाळा-समितीच्या सभा चुकवूं नयेत. या दोन गोष्टींना कोणाची परवानगी लागत नाहीं.

तिसरी गोष्ट मास्तराच्या हौसेची आहे. शाळेचा खरा इतिहास अहवालांत नसतो. तो दाखल-खारीज पुस्तकांत आणि शेरेबुकांत असतो. दाखल-खारिजाच्या जुन्या पानांवर मुलाचें नांव, बापाचा धंदा, धर्म व जात, कोणत्या शाळेंतून आला, आणि शेवटच्या रकान्यांत शाळा कां सोडली, तें लिहिलेलें असतें. तो शेवटचा रकाना वाचावा. ‘बाप वारला.’ ‘शेतीच्या कामास.’ ‘लग्न.’ ‘बदली.’ ‘फी न भरल्यामुळें.’ दुष्काळाचीं वर्षें कोणतीं आणि भावाचीं वर्षें कोणतीं तें त्या रकान्यावरून ओळखूं येतें. कापसाला भाव असला म्हणजे ‘फी न भरल्यामुळें’ हे शब्द कमी होतात. शेरेबुकांत डिपोटी येऊन काय लिहून गेले तें असतें : संडास नाहीं, नकाशे फाटके, पांचवीचें वाचन चांगलें. अशा पुस्तकांचीं पानें आज वाळवी खाते. जातीच्या दाखल्यासाठीं किंवा जन्मतारखेसाठीं कोणी आला म्हणजे तीं उघडतात, आणि पुन्हां कपाटांत जातात. त्यांचीं छायाचित्रें काढून ठेवण्याचें काम आपल्या तरुण मंडळानें अंगावर घ्यावें. शाळेची संमति घेऊन, आणि ज्यांच्या घरच्या गोष्टी त्यांत आहेत त्यांची अब्रू राखून, दोन सुट्यांत तें होण्यासारखें आहे.

तूर्त निदान इतकें तरी व्हावें. ज्यांच्या घरीं शाळा सोडल्याचे जुने दाखले, वर्गाचीं छायाचित्रें, स्नेहसंमेलनाचे कार्यक्रम किंवा हस्तलिखित मासिकाचा एखादा अंक असेल, त्यांनीं सभा आटोपल्यावर दाराजवळच्या टेबलावर समितीच्या चिटणिसांकडे नांव नोंदवावें. मूळ कागद कोणींही देऊं नये. नक्कल करून घेऊन तो जागच्या जागीं परत केला जाईल. शाळा जूनच्या अखेरीस उघडेल. संध्याकाळचा वर्ग त्याच आठवड्यांत सुरू करावयाचा असेल, तर शिकविणाऱ्यांचीं नांवें मे महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत मजकडे यावींत.